गाडी आली, गाडी गेली: फेरीवाले, पशुवधगृहं आणि कचऱ्याचं वेळापत्रक

पायवाट | रविवार, रात्री ९:४०

आमच्या स्टेशनबाहेर आठवड्यातून दोनदा तरी एक खेळ होतो. कोपऱ्यावरचा पोरगा शिट्टी मारतो. त्यासरशी ताडपत्र्यांची चारही टोकं एकत्र येऊन गाठोडी होतात, हातगाड्या गल्लीत शिरतात आणि पालिकेची गाडी वळणावर दिसेपर्यंत रस्ता मोकळा. गाडीवरचे लोक एखादा वजनकाटा, दोन क्रेट आणि ज्या म्हाताऱ्याला पळता आलं नाही त्याची पाटी उचलतात. मोकळ्या रस्त्याचा फोटो काढतात. गाडी गेली की पंधरा मिनिटांत बाजार पुन्हा जागच्या जागी. कोबीची पानं आणि ओली गोणपाटं तेवढी आधीपासून तिथेच असतात, फोटोतही येतात. ती कुणी उचलत नाही, कारण ही गाडी अतिक्रमणवाल्यांची. कचऱ्याचं खातं वेगळं.

हे पाहून पाहून मी कायदा वाचायला घेतला. (निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात, मी हे करतो.) मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ चा. त्याच्या कलम ६१ मध्ये पालिकेने केलीच पाहिजेत अशी कामं दिली आहेत. रस्ते झाडणं, कचरा उचलणं तिथे आहेच, आणि बाजार नि पशुवधगृहं बांधणं, चालवणं, त्यांच्यावर देखरेख ठेवणं हेही त्याच यादीत आहे. पुढे ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली, तिच्यातल्या १८ विषयांत घनकचरा आहे आणि कत्तलखान्यांचं विनियमनही आहे. म्हणजे सव्वाशे-दीडशे वर्षं आपले कायदे करणारे एक गोष्ट धरून चालले आहेत: शहर खाणार, तर खाणं कुठे विकायचं, जनावर कुठे कापायचं आणि उरलेलं कुठे टाकायचं, हे पालिकेनेच बघायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडची घाण बहुतेक वेळा जागा न देण्यातून येते. ज्याला कागदोपत्री जागा नाही त्याला पालिका डबा देत नाही, नळ देत नाही, कारण दिला तर मान्यता दिल्यासारखं होईल. मग तो कचरा गटारात टाकतो. मग आपण म्हणतो, बघा, हे लोक घाण करतात. रस्त्यावरच्या भाजीवालीचं हे जेवढं खरं, तेवढंच परवाना नसलेल्या मटणाच्या दुकानाचं.

२०१४ चा पथविक्रेता कायदा हे बदलण्यासाठीच आला. आधी सर्वेक्षण करा, ओळखपत्रं आणि विक्री प्रमाणपत्रं द्या, आणि सर्वेक्षण पुरं होऊन सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवू नका, असं त्यातलं कलम ३ सांगतं. त्या कायद्याला दहा वर्षं उलटून गेली. शिट्टी अजून वाजतेच आहे. बाकीच्या शहरांत काय चित्र आहे?

---

काठीवाली | रविवार, रात्री १०:२५

चांगलं लिहिलंय, पण रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने बघा. माझी आई ७८ वर्षांची, हातात काठी. आमच्या इमारतीपासून दवाखाना चारशे पावलं. पदपथावर बूट-चपलांचे ढीग, म्हणून तिला रस्त्यावर उतरावं लागतं, आणि रस्त्यावर रिक्षा तिला पदपथावर ढकलतात. तुमच्या कायद्यात तिच्यासाठी कुठलं कलम आहे?

२९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्या दिवशी पावसामुळे पुलावर गर्दी अडकली होती, दोष अरुंद पुलाचा, मान्य. पण त्यानंतरच सगळ्यांना आठवलं की स्टेशनबाहेर माणसांना निघायला वाट लागते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटर आणि शाळा, दवाखाने, देवळं-मशिदी यांच्यापासून १०० मीटरपर्यंत बसू नका असं बजावलं. ते तरी पाळलं जातं का?

---

पावतीपुस्तक | रविवार, रात्री ११:५०

एका पालिकेच्या परवाना खात्यात तीस वर्षं काढली. शहर विचारू नका, पेन्शन चालू आहे.

काठीवाली ताई, तुमच्या आईसाठी कलम आहे. विक्री क्षेत्रं, मर्यादित विक्रीची क्षेत्रं आणि विक्रीमुक्त क्षेत्रं, म्हणजे जिथे विक्रीला मनाई, अशी नकाशावर आखायची आहेत. रस्ता किती रुंद, पदपथ किती, चालणारी माणसं किती, हे बघूनच. आखणी झाली असती तर तुमच्या दवाखान्याची वाट विक्रीमुक्त दाखवून तिथून उठवता आलं असतं, आणि उठवलेल्याला 'तिकडे बस' म्हणून सांगताही आलं असतं. आज सांगायला 'तिकडे' नाही. म्हणून तो तिथल्या तिथे परत येतो.

हे काम का अडतं ते सांगतो. फेरीवाल्यांना पूर्ण बंदी घालता येत नाही आणि पूर्ण मोकळीकही देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी सांगून ठेवलंय. १९८५ मध्ये बॉम्बे हॉकर्स युनियनच्या खटल्यात क्षेत्रं आखा असं म्हटलं. १९८९ मध्ये सोदान सिंग खटल्यात म्हटलं की रस्त्यावर धंदा करणं हा घटनेच्या १९(१)(छ) खालचा हक्क आहे, वाजवी बंधनं घाला. पालिकांनी सोयीचा तेवढा भाग उचलला: बंधनं. मुंबईत नवे परवाने तर सत्तरच्या दशकाअखेरीपासून जवळपास बंदच. मधल्या काळात दैनिक पावती असायची. जागेचं भाडं म्हणायचं नाही, सफाईचा आकार म्हणायचं. लोक त्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, देवाच्या फोटोमागे ठेवून जपत. दहा-दहा वर्षांच्या पावत्या मी डोळ्यांनी पाहिल्यात. त्यांच्या लेखी तो सातबाराच होता.

आणि समिती! शहर पातळीवर पथविक्रेता समिती हवी, आयुक्त अध्यक्ष, किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी विक्रेत्यांमधून निवडलेले, त्यांत एक तृतीयांश बायका. समितीशिवाय क्षेत्रं ठरत नाहीत. मुंबईत २०१४ च्या सर्वेक्षणाला ९९ हजारांच्या आसपास अर्ज आले होते. समितीवरच्या विक्रेता प्रतिनिधींची निवडणूक व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडलं, आणि तेव्हा मतदारयादीत ३२ हजारांच्या घरात नावं होती. बाकीचे कुठे गेले? कुठे जाणार, रस्त्यावरच आहेत.

---

कढीपत्ता | सोमवार, सकाळी ७:१५

माझी आई एकवीस वर्षं भाजी विकते. मी त्याच भाजीवर शिकले, आता नोकरी करते, आईने धंदा सोडलेला नाही. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

ती पहाटे तीनला उठते, साडेतीनच्या टेम्पोने मार्केटला जाते, सहाला जागेवर. मग रात्री नऊपर्यंत तिथेच. यात कुणाला न दिसणारी एक गोष्ट सांगते. ती दुपारी चारपर्यंत पाणी पीत नाही. कारण जवळचं शौचालय वीस मिनिटांवर आहे, आणि जागा सोडली तर माल कोण बघणार? तिच्या ओळीतल्या सगळ्या बायकांना मूत्राचे आजार आहेत. स्वच्छतेच्या चर्चेत पदपथ स्वच्छ हवा असं सगळे म्हणतात, माणसं कुठे जातात हे कुणी विचारत नाही.

माल उचलला तर कायदा सांगतो की नाशवंत माल मागितल्याच्या दिवशी परत द्यायचा, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत. आईची मेथी तिसऱ्या दिवशी मिळाली होती. (कुठल्या शहरात ते लिहीत नाही.) वर तिने ती घरी आणून सुकवली, टाकवेना म्हणून.

करोनानंतर पंतप्रधान स्वनिधी योजनेचं पहिलं १० हजारांचं कर्ज तिला मिळालं, ते फेडून २० हजारांचं. त्यासाठी पालिकेने शिफारसपत्र दिलं, त्यावर तिचं नाव, फोटो, धंद्याची जागा. म्हणजे कर्ज देताना ती विक्रेती, आणि गाडी आली की अतिक्रमण.

---

रोखठोक_ | सोमवार, सकाळी ९:०२

भावनिक होऊन शहरं चालत नाहीत. नियम म्हणजे नियम. परवाना नाही तर धंदा नाही, विषय संपला. आणि कत्तलखान्यांबद्दल बोलायचं तर काही विशिष्ट लोकांनाच

*[संपादकीय: प्रतिसादाचा उरलेला भाग काढला आहे. धागा पालिकेच्या कामाबद्दल आहे, कोण काय खातो याबद्दल नाही.]*

---

गोठा | सोमवार, दुपारी २:३०

पशुवैद्य आहे. पशुवधगृहात ड्यूटी केलेली आहे, त्यामुळे दोन शब्द. दोन म्हणता जास्त होतील.

२००१ चे कत्तलखाना नियम केंद्राचे आहेत, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखालचे. मान्यताप्राप्त, परवानाधारक पशुवधगृहाबाहेर जनावर कापायचं नाही. गाभण जनावर नाही, तीन महिन्यांच्या आतलं नाही. कापण्याआधी पशुवैद्याने तपासायचं, आणि एका डॉक्टरने तासाला १२ पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत, दिवसाला ९६ पेक्षा जास्त नाहीत. तपासणीनंतर २४ तास विश्रांती. एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही. वाचायला सुंदर. आता हिशेब करा: दिवसाला हजार शेळ्या-मेंढ्या लागणाऱ्या शहराला नुसत्या तपासणीला अकरा डॉक्टर हवेत. कितीशा पालिकांकडे अकरा पशुवैद्य आहेत? बहुतेक नगरपालिकांत एक असतो, त्याच्याकडे भटकी कुत्रीही असतात, मोकाट गुरंही असतात, आणि निवडणूक लागली की तो निवडणुकीच्या कामावर असतो.

मुंबईचं देवनारचं पशुवधगृह १९७१ चं, ६४ एकरांवर. त्याआधी ते वांद्र्याला होतं. शहर वाढलं तसं बाहेर ढकललं, मग शहर देवनारलाही जाऊन भिडलं. तरी देवनारमध्ये निदान व्यवस्था म्हणावी असं काहीतरी आहे: जनावरांचा बाजार, तपासणी, तपासलेल्या मांसावर शिक्का. खरी अडचण लहान शहरांत. तिथे पशुवधगृह एक तर नाही, किंवा आहे ते पत्र्याची शेड, एक नळ आणि थेट नाल्यात जाणारं गटार. रविवारी पहाटे दुकानामागेच काम उरकतं.

त्या गटाराबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. घाण कुजताना पाण्यातला जेवढा प्राणवायू खाते ती तिची प्राणवायूची मागणी (बीओडी). घरगुती सांडपाण्याची ती लिटरला २००-३०० मिलिग्रॅम धरतात. नुसत्या रक्ताची दीड-दोन लाख असते. म्हणजे बादलीभर रक्त नाल्यात गेलं तर ते शेकडो बादल्या सांडपाण्याच्या बरोबरीचं. रक्त वेगळं गोळा करणं हे सगळ्यात स्वस्त प्रदूषण नियंत्रण आहे. वाळवून त्याचं खतही होतं. त्याला उताराची फरशी, वेगळी नाली आणि टाकी लागते. ती परवानगी असलेल्या जागेत बांधता येते. लपून काम करणारा टाकी बांधत नाही.

कोंबडीचं तर विचारू नका. जिवंत वजनाचा साधारण तिसरा हिस्सा पिसं, आतडी, डोकं, पाय म्हणून उरतो. प्रत्येक गल्लीत दुकान, म्हणजे प्रत्येक गल्लीत छोटा कत्तलखाना. तो कचरा रात्री पोत्यात भरून कुठेतरी जातो. मग कुत्री, मग घारी. विमानांच्या १९३७ च्या नियमांत ९१ क्रमांकाचा नियम आहे, विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत परवान्याशिवाय जनावर कापायचं नाही, घाणही टाकायची नाही. कारण पक्षी. म्हणजे चिकनवाल्याचं पोतं कुठे रिकामं होतं याच्याशी विमानाचा संबंध आहे, हे नियम करणाऱ्यांना कळलं होतं. केरळात या कचऱ्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत रेंडरिंग प्रकल्प उभे राहिले, तिथे चरबी आणि प्रथिनं वेगळी काढतात. आपल्याकडे 'ओला कचरा' म्हणून कंपोस्टच्या खड्ड्यात टाकायला सांगणारे अधिकारी मी पाहिलेत. त्या खड्ड्याशेजारी त्यांनी राहून दाखवावं.

---

पायवाट | सोमवार, सायं. ६:१०

गोठा, हे वेगळा लेख म्हणून लिहाच. रक्ताचा आकडा माझ्यासाठी नवा.

---

हजेरीशेड | सोमवार, रात्री ८:४५

मी मुकादम आहे, घनकचरा खात्यात. सगळ्यांचं वाचलं. आता झाडूवाल्यांच्या बाजूने.

बाजारपेठेच्या रस्त्यावर घाण का दिसते माहितीये? घड्याळामुळे. आमची मुख्य पाळी सकाळी साडेसहाला सुरू होते. अकराला रस्ता चकाचक. फेरीवाल्याचा खरा धंदा संध्याकाळी पाच ते दहा. तो साडेदहाला उठतो आणि जागेवर पालापाचोळा, पेंढा, थर्माकोल, पिशव्या टाकून जातो. त्यानंतर आठ तास तो कचरा तसाच. रात्री कुत्री पसरवतात, पावसाळ्यात गटाराच्या जाळीवर जाऊन बसतो. सकाळी ऑफिसला जाणारा माणूस नेमका तेव्हा रस्ता बघतो आणि म्हणतो, पालिका झोपली. आम्ही नेमके तेव्हाच येत असतो.

एका साहेबाच्या काळात आम्ही एक केलं. रात्री साडेनऊला छोटी गाडी, दोन माणसं, आणि प्रत्येक ओळीत एका विक्रेत्याकडे जबाबदारी. गाडी वेळेवर आली की सगळे आपापलं टोपलं घेऊन गाडीपाशी. कुणाला शिकवावं लागलं नाही. त्या मालाइतका चांगला ओला कचरा सोसायट्यांतूनही मिळत नाही, देठं आणि पानंच असतात. साहेबांची बदली झाली, गाडी दुसऱ्या वॉर्डला गेली, संपलं.

आणखी एक. आम्ही त्यांना डबे मागितले तर वरून उत्तर आलं, अनधिकृत माणसाला पालिकेचा डबा कसा देणार? पायवाट साहेबांनी वर लिहिलंय ते मला शब्दशः ऐकवलंय.

---

काठीवाली | सोमवार, रात्री ९:३०

हजेरीशेड, तुमचा प्रतिसाद वाचून मी कालचा माझा राग जरा तपासून घेतला. रात्रीची गाडी असावी, शौचालयं असावीत, कढीपत्ताच्या आईचं वाचून तर गप्पच बसले.

पण आकडे सोडणार नाही. कायदा म्हणतो, प्रभागाच्या किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्या. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबई १ कोटी २४ लाखांवर. अडीच टक्के म्हणजे तीन लाख दहा हजार. तीन लाख जागा! आणायच्या कुठून?

---

पायवाट | सोमवार, रात्री १०:०५

प्रत्येकाला एक मीटर बाय एक मीटर धरा. तीन लाख दहा हजार चौरस मीटर, म्हणजे ३१ हेक्टर. एका उभ्या मोटारीला साधारण १२ चौरस मीटर लागतात. तर ही झाली सव्वीस हजार मोटारींची जागा. मुंबईत नोंदलेल्या मोटारी लाखांत आहेत, त्यांतल्या किती रस्त्याकडेला फुकट उभ्या असतात ते खिडकीतून बघा. त्यांना उचलायला गाडी आली की कुणी शिट्टी मारत नाही, कारण गाडी येतच नाही.

अडीच टक्के ही वरची मर्यादा आहे, उद्दिष्ट नाही, हेही खरं.

---

काठीवाली | सोमवार, रात्री १०:२०

मोटारींचा मुद्दा बिनतोड. आमच्या सोसायटीच्या तीन गाड्या बाहेरच असतात, त्यातली एक माझ्या भावाची. पण एक मीटर बाय एक मीटरमध्ये गिऱ्हाईक कुठे उभं राहणार? ते तुमच्या हेक्टरमध्ये धरलेलं नाही.

---

पायवाट | सोमवार, रात्री १०:२८

नाही धरलं. मार खाल्ला. दुप्पट धरा.

---

रोखठोक_ | मंगळवार, सकाळी ८:४०

दुप्पट धरा, तिप्पट धरा. मुंबईत २००७ मध्ये घाण करणाऱ्यांना दंड करायला क्लीनअप मार्शल आणले, मग गेले, पुन्हा आले, पुन्हा गेले. दंड लावल्याशिवाय भारतीय माणूस सुधारत नाही.

---

हजेरीशेड | मंगळवार, दुपारी १:१५

दंडाची पावती फाडणारा माणूस कचरा उचलत नाही, साहेब. ते आमच्याकडेच येतं.

---

काठीवाली | मंगळवार, रात्री ९:००

प्रश्न: आमच्या वॉर्डात विक्री क्षेत्रं आखली आहेत का हे मला अधिकृतपणे कसं कळेल? दोनदा फोन केला. एकदा 'प्रक्रिया सुरू आहे', एकदा 'साहेब साइटवर आहेत'.

---

पावतीपुस्तक | मंगळवार, रात्री ११:२०

माहिती अधिकारात अर्ज करा. साध्या कागदावर, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, जनमाहिती अधिकाऱ्यांच्या नावे. 'आखली आहेत का', 'का आखली नाहीत' असं विचारू नका, प्रश्नाला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, कागद द्यायला आहेत. म्हणून मागा: आपल्या वॉर्डाच्या विक्री क्षेत्रांच्या नकाशाची प्रत, पथविक्रेता समितीच्या मागच्या तीन बैठकांची इतिवृत्तं, आणि गेल्या वर्षभरात जप्त मालाच्या नोंदवहीची प्रत, परत दिल्याच्या तारखांसह. शेवटचं नक्की मागा, कढीपत्ताच्या मेथीचं उत्तर त्यात मिळतं. मुदत तीस दिवस. कागद नसला तर 'अभिलेख उपलब्ध नाही' असं लिहून येईल, ते जपून ठेवा, पुढच्या अपिलाला तेच लागतं.

---

गोठा | मंगळवार, रात्री ११:३५

सोबत परवानाधारक मांस दुकानांची यादी आणि त्यांचा कचरा कोण उचलतो त्या कराराची प्रतही मागा.

---

पावतीपुस्तक | मंगळवार, रात्री ११:४२

ते त्याच अर्जात चालणार नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा. फेरीवाल्यांचा अर्ज वेगळा, मांस दुकानांचा वेगळा, रात्रीच्या कचरागाडीचा तिसरा. तीन स्टॅम्प लावा.